बंदिस्त अंगणातील खेळ

मनोरुग्णालयाच्या उंच भिंतीआड व्हॉलीबॉलचे जाळे बांधलेले दिसले, तर पाहणाऱ्याच्या मनात सहसा दोन प्रकारचे विचार येतात. पहिला विचार कनवाळू असतो : बिचाऱ्यांचा वेळ बरा जातो. दुसरा तितका कनवाळू नसतो. खेळणाऱ्यांपैकी एकाने भ्रमाच्या भरात कोणाचा तरी जीव घेतलेला आहे असे कळले, की तो विचार ओठावर येतोच : ज्याने एका घरातील दिवा विझवला, त्याने चेंडू झेलून हसावे काय? हे दोन्ही विचार वरकरणी परस्परविरोधी वाटतात, परंतु त्यांच्या मुळाशी समजूत एकच आहे. खेळ ही जादा वस्तू आहे, द्यावीशी वाटली तर द्यावी, नाही तर काढून घ्यावी, अशी ती समजूत होय. ती कितपत खरी आहे हे तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मनोरुग्णांपैकी बहुसंख्य माणसे आयुष्यात कधीही कोणावर हात उगारीत नाहीत. उलट त्यांनाच इतरांचा मार अधिक खावा लागतो. ज्यांच्या हातून आजाराच्या अवस्थेत गुन्हा घडला आणि ज्यांना न्यायालयाने तुरुंगाऐवजी किंवा तुरुंगातूनच उपचाराच्या ठिकाणी पाठविले, असे रुग्ण थोडे असतात. त्यांच्यासाठी जी शाखा आहे तिला न्यायवैद्यक मानसोपचार म्हणतात. आपला प्रश्न दोन्ही प्रकारच्या रुग्णांविषयी आहे. पण त्याची धार दुसऱ्या प्रकारात अधिक जाणवते, म्हणून त्याकडे आपण अखेरीस वळू.

देहाची उपेक्षा

मनाचा आजार म्हटला की देहाचा विचार मागे पडतो. ख्रिस्ती घरांत तर यात आणखी एक अडचण येते. आजार मनाचा आहे, म्हणजे तो विश्वासाचा असणार, असे आपण पटकन ठरवितो. प्रार्थना वाढवितो, उपदेश वाढवितो, आणि रुग्ण चार महिने एकाच खाटेवर पडून आहे याकडे कोणाचे लक्ष जात नाही. प्रार्थनेला येथे कमी लेखावयाचे नाही. पण पवित्र शास्त्राने स्वतः काय क्रम लावला आहे तो पाहण्याजोगा आहे. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. त्याला आजच्या एखाद्या रोगाचे नाव चिकटविण्याचे कारण नाही. परंतु अशा अवस्थेतील माणूस आपण सर्वांनी पाहिलेला आहे. देवाचा दूत त्याला प्रथम बोध करीत नाही. तो त्याला स्पर्श करतो, भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो, आणि मग त्याला चालावयास लावतो. होरेबावरील संभाषण येते ते चाळीस दिवसांच्या पायपिटीनंतर. अन्न, झोप, चाल आणि मग शब्द, असा तो क्रम आहे.

पौलाने तीमथ्याला लिहिताना शारीरिक कसरतीचा उपयोग थोडा आणि सुभक्तीचा उपयोग सर्व बाबतींत आहे असे म्हटले, हे वचन आपल्याकडे व्यायामाच्या विरोधात पुष्कळदा पुढे केले जाते. पण थोडा म्हणजे मुळीच नाही असे नव्हे. ज्याच्याजवळ पुष्कळ आहे त्याला थोड्याचे मोल नसते. ज्याचे सर्व गेले आहे त्याच्यासाठी ते थोडेच पहिली पायरी ठरू शकते. शिवाय करिंथकरांना देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे अशी आठवण करून देणारा प्रेषितही पौलच होय. ते मंदिर रुग्णालयाच्या खोलीत असले म्हणून त्याची डागडुजी करावयाची नाही, असा अपवाद त्याने केलेला नाही.

एकच हालचाल, दोन अर्थ

मात्र देह हलविणे म्हणजे उपचार, असे सरळ समीकरण मांडले तर इतिहास आपल्याला खोटे पाडील. जोसेफ मेसन कॉक्स या इंग्रज वैद्याने १८०४ साली वेडावरील आपल्या ग्रंथात फिरत्या खुर्चीचा पुरस्कार केला. रुग्णाला खुर्चीत बांधावयाचे आणि ओकारी येईपर्यंत, शुद्ध हरपेपर्यंत गरगर फिरवावयाचे, अशी ती पद्धत होती. रुग्ण त्यानंतर शांत होत असे, यात नवल नाही. पुढे १८१८ साली विल्यम क्यूबिट या अभियंत्याने इंग्लंडातील तुरुंगासाठी पायचक्की बनविली. एका मोठ्या आडव्या चाकाच्या पायऱ्या कैद्यांनी तासन्‌तास चढावयाच्या. पायाखालची पायरी खाली जाई आणि माणूस जागच्या जागीच राही. कित्येक ठिकाणी त्या चाकाला काहीच जोडलेले नसे, कैदी केवळ वारा दळीत. लेखक ऑस्कर वाइल्ड यालाही १८९५ साली हीच चक्की चढावी लागली. १८९८ च्या कायद्यानंतर ती तेथून हद्दपार झाली. आज आपल्या शहरांतील व्यायामशाळांत ज्या यंत्रावर लोक पैसे भरून धावतात, त्याला इंग्रजीत तेच जुने नाव आहे.

याच काळात यॉर्क शहरात निराळा प्रयोग चालू होता. १७९० साली हॅना मिल्स नावाची क्वेकर पंथाची विधवा तेथील वेड्यांच्या इस्पितळात मरण पावली. तिच्या पंथबंधूंना तिला भेटू दिले गेले नव्हते. ते शल्य मनात ठेवून विल्यम ट्यूक या चहाच्या व्यापाऱ्याने आपल्या समाजाच्या वर्गणीतून १७९६ साली ‘रिट्रीट’ हे आश्रयगृह उघडले. तेथे साखळदंड नव्हते. बाग होती, शेतीचे काम होते, मोकळ्यावर फेरफटका होता. रुग्णांच्या अंगणात ससे आणि कोंबड्या सोडलेल्या असत, कारण मुक्या जिवाची काळजी घेताना माणसाला आपल्या दुःखाचा थोडा विसर पडतो. विल्यमचा नातू सॅम्युएल ट्यूक याने १८१३ साली या गृहाची हकिगत लिहून प्रसिद्ध केली. तीत अस्वस्थ रुग्णांना झोप यावी म्हणून अफूपेक्षा रात्रीचे पोटभर जेवण अधिक गुणकारी ठरल्याचे नमूद आहे. रतामाच्या झुडपाखालील भाकरीची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.

फिरत्या खुर्चीतही देह हलत होता, पायचक्कीवरही हलत होता, आणि यॉर्कच्या बागेतही. चक्कीवर तर स्नायूंना अधिक श्रम पडत असतील. मग एक क्रिया छळ आणि दुसरी उपचार का ठरते? खुर्चीत बसलेल्या माणसाला कोणी विचारले नव्हते. चक्की चढणाऱ्याच्या श्रमातून काही निपजत नव्हते, आणि निपजू नये अशीच व्यवस्था होती. बागेत काम करणारा मात्र ते नाकारू शकत होता, त्याच्या कामाला फळ येत होते, आणि शेजारी दुसरा माणूस होता. इच्छा, अर्थ आणि सोबत यांवाचून व्यायाम हा केवळ श्रम राहतो. ही गोष्ट मनाशी ठेवून आता वैद्यकशास्त्राकडे वळू.

शास्त्र किती सांगते?

गेल्या काही दशकांत या विषयावर पुष्कळ संशोधन झाले आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लूमेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पन्नाशी गाठलेल्या किंवा ओलांडलेल्या १५६ विषादग्रस्त रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाला औषध, दुसऱ्याला देखरेखीखाली व्यायाम आणि तिसऱ्याला दोन्ही. औषधाचा गुण लवकर दिसू लागला; पण सोळा आठवड्यांच्या अखेरीस तिन्ही गटांतील सुधारणा जवळजवळ सारखीच आढळली. २०२४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २१८ चाचण्यांचा आणि १४,१७० सहभागी व्यक्तींचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. चालणे, धावणे, योगासने आणि ताकदीचे व्यायाम यांचा विषादावर उपयोग होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच आढाव्याने हेही सांगितले, की यांतील अनेक चाचण्यांचा दर्जा पाहता या निष्कर्षावर पूर्ण भिस्त टाकता येत नाही.

स्किझोफ्रेनियासारख्या तीव्र आजारात चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. सायकल चालविण्याच्या तीन महिन्यांच्या व्यायामाने मेंदूतील स्मृतीशी संबंधित भागाचे आकारमान वाढल्याचे २०१० साली जर्मन संशोधकांना आढळले. पण ते मोजक्या रुग्णांत, आणि पुढील सर्व अभ्यासांत तसे दिसले नाही. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेतील डॉक्टरांनी २००७ साली ६१ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. औषधे चालू ठेवूनच एका गटाला योगासने आणि दुसऱ्याला साधे शारीरिक व्यायाम देण्यात आले होते. दोन्ही गट सुधारले. अलिप्तपणा, निरुत्साह यांसारख्या लक्षणांवर योगाचा गुण अधिक दिसला. आपल्या वाचकांपैकी काहींच्या मनात योगाविषयी धार्मिक संकोच असतो. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. रुग्णाला जे मान्य असेल तेच त्याला द्यावे, मग ते आसन असो, कवायत असो की नुसते चालणे असो, एवढे म्हणणे पुरे आहे.

व्यायामाची खरी निकड मात्र आणखी एका कारणाने आहे, आणि तिच्याविषयी फारसे दुमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार तीव्र मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षे अगोदर मरतात. त्यांना आत्महत्येनेच मरण येते असे नव्हे. हृदयविकार, मधुमेह यांसारखे देहाचे आजारच बहुतेकांना नेतात. ज्या औषधांनी भ्रम आवरतो त्यांपैकी ओलँझापिन, क्लोझापिन यांसारख्या औषधांनी वजन झपाट्याने वाढते. त्यात बंद वॉर्ड, अंगमेहनतीचा अभाव आणि विडी यांची भर पडते. म्हणजे मन सावरण्यासाठी आपण जे देतो तेच देहाला मारक ठरू शकते. औषध थांबविणे हा त्यावरील उपाय नव्हे, कारण औषध सोडल्याने उलटलेले आजार डॉक्टर रोज पाहतात. ज्या हाताने गोळी दिली त्याच हाताने मैदानाचे दारही उघडले पाहिजे. वजन वाढविणारे औषध देऊन माणसाला खोलीत कोंडून ठेवणे ही अर्धवट चिकित्सा आहे, आणि रुग्णाला स्वतः ते दार उघडता येत नसल्यामुळे त्या अर्धवटपणाची जबाबदारी कोंडणाऱ्यावर येते.

येथवर आल्यावर आपली पहिली समजूत ढळते. ज्याच्या पायांचे स्वातंत्र्य आपण काढून घेतले आहे, त्याला चालावयास जागा देणे ही मेहेरबानी राहत नाही. मोकळ्या माणसाला कोणी मैदान दिले नाही तरी रस्ता असतो. बंदिस्त माणसाला आपण दिलेल्या अंगणापलीकडे काहीही नसते.

हातून खून झालेला माणूस

आता अवघड भागाकडे येऊ. १८०० सालच्या मे महिन्यात लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात जेम्स हॅडफिल्ड नावाच्या माजी सैनिकाने राजा तिसरा जॉर्ज याच्यावर गोळी झाडली. नेम चुकला. लढाईत डोक्यावर झालेल्या तलवारीच्या वारांनी त्याचे मन बिघडलेले होते. ज्यूरीने त्याला निर्दोष ठरविले, पण त्याला मोकळा सोडावयाचा कसा? घाईने कायदा झाला आणि हॅडफिल्ड १८४१ साली मरेपर्यंत बेथलेम इस्पितळात कोंडलेला राहिला. १८४३ साली डॅनियल मॅकनॉटन याने पंतप्रधानांच्या सचिवाला गोळी घालून ठार केले. त्याच्या सुटकेनंतर इंग्लंडच्या न्यायाधीशांनी जे नियम सांगितले, त्यांच्याच छायेत १८६० च्या भारतीय दंड संहितेचे ८४ वे कलम लिहिले गेले. भारतीय न्याय संहितेचे २२ वे कलम हे तेच तत्त्व १ जुलै २०२४ पासून पुढे चालवीत आहे : मनाच्या विकृतीमुळे ज्याला आपण काय करतो आहोत किंवा ते चुकीचे आहे हे कळूच शकत नव्हते, त्याची कृती गुन्हा नव्हे.

अशाच माणसांसाठी १८६३ साली इंग्लंडात बर्कशर परगण्यात ब्रॉडमूरचे इस्पितळ उघडण्यात आले. मॅकनॉटनची अखेर तेथेच झाली. त्या आवारात बागा होत्या, काम होते, आणि क्रिकेटचे मैदानही होते. भिंतीबाहेर ज्यांची नावे ऐकून लोकांच्या अंगावर काटा येई, ते भिंतीआत फलंदाजी करीत. हे योग्य होते काय?

या प्रश्नात मृताच्या घरच्यांचा आवाज आहे, आणि तो बाजूला सारून कोणतेही उत्तर देण्याचा आपल्याला अधिकार नाही. मुलगा गमावलेल्या आईला न्यायालयाने सांगितले, की मारणारा दोषी नाही. आणि पुढे तिला कळले, की तो कोठेतरी खेळतो आहे. तिच्या दुःखाला कायद्याच्या कलमाने समजूत पटत नाही. क्षमेचा उपदेश करावयास आपण धावतो; पण क्षमा ही दुसऱ्याच्या वतीने करण्याची गोष्ट नव्हे.

तरीही तिला समाजाने काय देणे आहे, हे नीट पाहिले पाहिजे. सत्य काय घडले ते तिला कळले पाहिजे. तो माणूस पुन्हा कोणावर घाला घालणार नाही याची शाश्वती तिला मिळाली पाहिजे. त्याला मोकळे सोडावयाचे झाल्यास तिचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे, आणि तिच्या उघड्या पडलेल्या संसाराला आधार मिळाला पाहिजे. आपल्या देशात या गोष्टींपैकी फार थोड्या तिच्या वाट्याला येतात. परंतु त्या माणसाचे हाल हे मात्र तिचे देणे नव्हे. त्याने खोलीत कुजत पडावे याने तिच्या पदरी काही पडत नाही. समाजाला तेवढे आपले कर्तव्य झाल्याचे समाधान मिळते. जो दोषी नाही असे आपल्याच न्यायासनाने ठरविले, त्याला मागच्या दाराने शिक्षा भोगावयास लावणे हे न्यायालाच खोटे पाडणे आहे.

मोशेच्या नियमशास्त्रात गणनेच्या पुस्तकात शरणपुरांची योजना आहे. नाशिकच्या ख्रिस्ती वसाहतीला शरणपूर हे नाव आहे, त्यामुळे हा शब्द आपल्या कानांना परका नाही. मनात हेतू नसताना ज्याच्या हातून मनुष्यवध झाला, त्याने सहा नगरांपैकी एकात पळून जावे; मंडळीने त्याचा न्याय करावा, आणि मुख्य याजकाच्या मृत्यूपर्यंत त्याने तेथेच राहावे. हा नियम वेडाविषयी नव्हता, हे मान्य केले पाहिजे. पण त्यातील समतोल विचार करण्यासारखा आहे. रक्ताचा सूड घेणाऱ्याचे दुःख नियमाने नाकारले नाही. मारणाऱ्याला आपले घर, आपले शेत सोडावे लागत होते आणि नगराची वेस ओलांडता येत नव्हती. तरी त्याला दिले ते नगर होते, अंधारकोठडी नव्हती. त्या वेशीच्या आत तो चालत असेल, काम करीत असेल, आणि संध्याकाळी कोणाच्या मुलांचा खेळ पाहून हसतही असेल. मंडळीला त्याचे वेशीबाहेर जाणे रोखावयाचे होते, त्याचे हसणे नव्हे.

ब्रॉडमूरच्याच इतिहासात विल्यम मायनर या अमेरिकन लष्करी शल्यवैद्याची हकिगत प्रसिद्ध आहे. १८७२ साली भ्रमात त्याने लंडनच्या रस्त्यावर जॉर्ज मेरेट नावाच्या निरपराध मजुराला गोळी घातली. इस्पितळाच्या खोलीत बसून त्याने पुढे वीस वर्षे ऑक्सफर्डच्या महान इंग्रजी शब्दकोशासाठी हजारो अवतरणे टिपून पाठविली. मेरेटची विधवा काही काळ त्याला भेटावयास जात असे आणि त्याच्यासाठी पुस्तके नेत असे. सर्व विधवांकडून अशी अपेक्षा धरणे हा मोठा अन्याय होईल. आणि काम मिळाले म्हणून मायनर बराही झाला नाही. १९०२ साली आजाराच्या भरात त्याने स्वतःलाच भयंकर इजा करून घेतली. उपचार म्हणून दिलेले काम किंवा खेळ हा चमत्कार नव्हे. पण ती पुस्तके नेणाऱ्या स्त्रीला एक गोष्ट उमगली होती, की समोरच्या माणसाच्या हाताला काही चांगले करावयास दिल्याने तिच्या पतीचा अवमान होत नव्हता.

येथे आणखी एक दावा पुष्कळदा केला जातो, की खेळाने अशा रुग्णांच्या हातून पुढे घडणारे गुन्हे कमी होतात, म्हणून त्यांना खेळू द्यावे. तो सावधपणे घेतला पाहिजे. खेळात नियम असतात, शिटी वाजली की थांबावे लागते, हार पचवावी लागते, दुसऱ्याच्या हालचालीकडे लक्ष द्यावे लागते. ज्याचा माणसांशी संबंध तुटला आहे त्याला हे सर्व शिकण्यासारखे आहे. परंतु चुरशीचा सामना एखाद्या संशयी मनाला भडकवूही शकतो. कोणाला कबड्डी द्यावी आणि कोणाला एकट्याने बागेभोवती चालण्याचाच व्यायाम द्यावा, हे जाणत्या माणसाने ठरवावयाचे असते. आणि समजा, खेळाने गुन्हे कमी झाले नाहीत, तर काय मैदानाला कुलूप घालावयाचे? आपण अन्न या अटीवर देत नाही, प्रकाश आणि वारा या अटीवर देत नाही. देहाची हालचालही त्याच पंक्तीत बसते.

बक्षीस म्हणून खेळ

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. जेथे माणसाजवळ काहीही उरलेले नसते, तेथे अर्धा तास मैदान ही मोठी संपत्ती होते. आणि ज्याच्या हाती त्या मैदानाची किल्ली असते तो तिचा उपयोग लगामासारखा करू लागतो. गोळी निमूट घेतली तर खेळ, उलट बोललास तर खोली. फ्रेंच विचारवंत मिशेल फुको याने १९६१ साली वेडाच्या इतिहासावरील ग्रंथात यॉर्कच्या ट्यूकवर हाच आरोप ठेवला : त्याने लोखंडी साखळी काढली, पण तिच्या जागी भीतीची आणि अपराधभावनेची साखळी घातली. हा आरोप ट्यूकला अन्याय करणारा आहे असे अनेकांना वाटते. साखळदंडात कुजणाऱ्याला हे दोन प्रकार सारखे वाटले नसते. तरीही दयेच्या प्रत्येक संस्थेने, आपल्या मिशनच्या संस्थांनीही, तो स्वतःला विचारून पाहावा असा आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात अडतीस वर्षे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला प्रभू येशू प्रथम विचारतो, की तुला बरे होण्याची इच्छा आहे काय? इतक्या वर्षांच्या रोग्याला हा प्रश्न विचारणे अनावश्यक वाटते. पण त्याला बरे करणाऱ्याने त्याची इच्छा गृहीत धरली नाही. त्यानंतर बाज उचलून चालावयास सांगितले. ज्यांना आजारामुळे स्वतःचे हित कळत नाही अशांच्या बाबतीत कधी कधी सक्तीने औषध द्यावे लागते, हे खरे. पण सक्तीने खेळविता येत नाही. सक्ती झाली की खेळाची पायचक्की होते. म्हणून रुग्णाला खेळ नाकारण्याचा हक्क असला पाहिजे, आणि नाकारल्याबद्दल काही गमवावे लागता कामा नये. न खेळणाऱ्याजवळ रोज जाऊन, रोज विचारून, रोज त्याचा नकार शांतपणे ऐकणारा परिचारक हा या उपचारातील फार मोठा माणूस होय. कदाचित एकविसाव्या दिवशी तो रुग्ण उठेल.

भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ही दिशा धरली आहे. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या या कायद्याचे विसावे कलम विरंगुळा, करमणूक, शिक्षण आणि धर्माचरण यांच्या वाजवी सोयी हा रुग्णाचा अधिकार मानते. पंचाण्णवावे कलम कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई करते. २००१ सालच्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूत एरवाडी येथील खासगी आश्रमाला आग लागली, तेव्हा साखळ्यांनी जखडलेले २८ रुग्ण पळता न आल्याने मृत्यू पावले. ज्यांचे पाय बांधलेले होते त्यांच्या मरणाने आपल्याला पायांचे मोल शिकविले, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

आणखी एक इशारा. खेळ हा न्यायाचा पर्याय होऊ शकत नाही. आसामातील मचल लालुंग या आदिवासी माणसाला १९५१ साली पकडण्यात आले आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठविण्यात आले. १९६७ साली तो बरा असल्याचे रुग्णालयाने कळविले, तरी त्याला घरी न सोडता तुरुंगात ठेवण्यात आले. त्याची सुटका झाली २००५ साली, चौपन्न वर्षांनंतर. तेव्हा तो सत्त्याहत्तर वर्षांचा होता. अशा माणसाला कोणी रोज संध्याकाळी चेंडू दिला असता, तर त्याच्यावरील अन्याय तसूभरही कमी झाला नसता. बंदिस्त अंगणातील खेळाकडे पाहून संतोष मानण्यापूर्वी, यांतील कितीजण येथे असावयासच नकोत, हे विचारले पाहिजे.

वेशीबाहेर

मार्काच्या पाचव्या अध्यायात गरसेकरांच्या प्रदेशातील थडग्यांत राहणाऱ्या माणसाची कथा आहे. लोकांनी त्याला बेड्या घातल्या होत्या आणि त्याने त्या तोडल्या होत्या. प्रभूने त्याला मुक्त केल्यावर गावकरी आले, तेव्हा तो कपडे घालून शुद्धीवर बसलेला त्यांना दिसला, आणि ते भ्याले. तो ओरडत होता, अंग ठेचून घेत होता, तोपर्यंत त्याची जागा ठरलेली होती. आता तो आपल्यासारखाच बसला आहे म्हटल्यावर त्याला कोठे बसवावयाचे हा प्रश्न त्यांच्यापुढे आला. त्या माणसाला प्रभूबरोबर जावयाचे होते. पण प्रभूने त्याला स्वतःच्या घरी, स्वतःच्या माणसांत धाडले.

तेथे त्याचे काय झाले असेल? त्याच्याबरोबर जेवावयास कोणी बसले असेल काय? हा प्रश्न आज आपल्याला लागू आहे. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाने १९५० च्या दशकात मानसोपचार केंद्र उघडले, तेव्हा रुग्णाबरोबर त्याच्या नातलगानेही तेथे राहण्याची प्रथा पाडली. बेल्जियममधील घेल या गावात संत डिंफ्नाच्या यात्रेला आलेल्या मनोरुग्णांना गावकरी शतकानुशतके आपल्या घरी ठेवून घेत आले आहेत; ते रुग्ण त्या घरांबरोबर जेवतात आणि शेतावर जातात. यांपैकी कोणत्याही ठिकाणी मोठी यंत्रसामग्री लागली नाही.

महाराष्ट्रातील ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांतून, तसेच रांचीपासून बंगळूरपर्यंतच्या संस्थांतून, दरवर्षी कितीतरी माणसे बरी होऊन बाहेर पडतात, आणि कितीतरी बरी होऊनही घरच्यांनी न नेल्यामुळे आतच राहतात. आपल्या बहुतेक चर्चच्या आवारात थोडी मोकळी जागा आहे. बहुतेक मंडळ्यांत तरुण संघ आहे, नाताळात सामने होतात, संध्याकाळी मुले बॅडमिंटन खेळतात. रुग्णालयातून परतलेल्या, औषधांनी थोड्या मंदावलेल्या, अंगाने सुटलेल्या एखाद्या बंधूला तेथे बोलावणे कठीण नाही. त्याला धावता येणार नाही, तो झेल सोडील, कधी मध्येच निघून जाईल. त्याच्या घरच्यांना अगोदर विचारावे, त्याच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि त्याला प्रथम फक्त बसून पाहावयाचे असेल तर बसू द्यावे. तो आला नाही, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलवावे.